चौदा तारखेचे बारा चाळीस

"राजवाड्याला पंधरा मिनिटं," मिनिटराव म्हणाले आणि मिठाच्या बरणीने दाबून ठेवलेल्या तक्त्यावर त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं. "नाट्यगृहाला वीस. त्याहून जास्त देता येत नाहीत. पुढे संग्रहालय बंद होतं."

"राजवाडा काढून टाका," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "माझं राजाकडे काही काम नाही."

"अगं, अडीच हजार वर्षं जुना आहे तो."

"मग अजून थोडा थांबेल."

मिनिटरावांनी पेन्सिल कानावर ठेवली. विनोद त्यांना कळत असे, पण तक्त्यात विनोदाला रकाना नव्हता. नऊ दिवसांची सहल, दिवसाला एक पान, पानावर सकाळी उठण्यापासून दिवा मालवण्यापर्यंत सगळ्या वेळा. हॉटेलच्या खोलीपासून जिन्यापर्यंत दोन मिनिटं. जिना उतरायला बायकोचे गुडघे धरून तीन. उन्हात थांबून पाणी प्यायला चार, दर तासाला. ऊन भरपूर, समुद्र निळा आणि जिकडे तिकडे पडके खांब अशा त्या देशात माणसं आराम करायला जातात असं ट्रॅव्हलवाल्यांच्या पुस्तकात छापलं होतं. मिनिटरावांनी आरामालाही रोज पंचवीस मिनिटं दिली होती.

मिनिटराव हे त्यांना बस आगारात पडलेलं नाव. पाच वर्षं कंडक्टरकी आणि नंतर एकतीस वर्षं वेळापत्रक विभागात. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली की त्यांच्या पोटात दुखायचं आणि दोन मिनिटं लवकर सुटली की डोकं. आगाराचं घड्याळ जगाच्या घड्याळापेक्षा थोडं वेगळं चालतं, हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं. रात्री बारा वाजले म्हणून आगाराचा दिवस संपत नाही. शेवटची गाडी बारा चाळीसला सुटते, ती दीडच्या सुमारास पोचते, हिशेब होतो, दिवे जातात, आणि पहाटे साडेतीनला पहिली गाडी धुवायला काढली की मग तारीख बदलते. बारा चाळीसची गाडी ज्या तारखेच्या पानावर लिहिलेली, त्याच तारखेची. तेवीस वर्षांचा ड्रायव्हरसुद्धा यात चुकत नाही.

ही शिस्त इतकी मुरलेली की त्यांची मुलगी रात्री सव्वाला जन्मली, तेव्हा नोंद करायला गेलेल्या या गृहस्थांनी बिनदिक्कत आदल्या दिवसाची तारीख सांगितली. पोरीचे वाढदिवस जन्मभर दोन झाले. आता ती दूर सासरी असते आणि दोन्ही दिवशी फोनची वाट बघते.

सहलीची कल्पना मात्र मिनिटरावांची नव्हती. ती बायकोची होती, आणि तिच्यामागे एक खोटं होतं.

ती शाळेत पाचवीला इतिहास शिकवायची. सातव्या धड्यात तो देश येतो. ती फळ्यावर अर्धगोल काढायची, त्याच्याबाहेर दुसरा, त्याच्याबाहेर तिसरा, हात पोचेल तिथपर्यंत. ही डोंगरात कोरलेल्या नाट्यगृहाची दगडी आसनं. मग सांगायची, "खाली मध्यभागी उभं राहून कुणी नुसता कागद फाडला, तरी अगदी वरच्या ओळीतल्या माणसाला ऐकू यायचं." एकोणीस वर्षांपूर्वी पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही ऐकलंय?"

चाळीस चेहरे वर झाले होते. बाई म्हणाल्या, "हो."

एकदा हो म्हटल्यावर माघार कुठली? पुढल्या वर्षी पोरांनी मोठ्या भावंडांकडून ऐकलेलं असायचं, ती आपणहून विचारायची, "बाई, तुमची ती गोष्ट सांगा ना." दर वर्षी थोडी भर पडत गेली. एका वर्षी त्या गोष्टीत वारा आला. एका वर्षी दगडावर झोपलेली मांजर आली. मांजर पोरांना इतकी आवडली की तिला काढणं शक्यच राहिलं नाही.

"या वर्षी मी रिटायर होणार," चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली होती, आणि तोवर कुणालाच न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं होतं. "सुट्टी संपली की अकराव्या दिवशी सातवा धडा येतो. शेवटचा. त्याआधी मला तिथे वर जाऊन बसायचंय. ऐकू आलं तर माझं खोटं खरं होईल. नाही आलं तर त्या वर्गाला उभं राहून सांगेन, की बाई खोटं बोलल्या. पण न बघता मला तो अर्धगोल पुन्हा नाही काढता येणार."

दुसऱ्या दिवशी मिनिटरावांनी तक्त्याचा कागद आणला. त्यांचं प्रेम असंच असायचं.

कागद फाडायची कल्पना मात्र त्यांना पटली नव्हती. "कागद कुठला, जाड की पातळ? त्यावर आवाज ठरतो," असं म्हणून त्यांनी कपाटाच्या तळातून आपला कंडक्टरकीतला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला, त्याला तेल दिलं आणि स्वयंपाकघराच्या एका टोकाला उभं राहून दोनदा वाजवला. टक्-टक्. गर्दीत तिकीट मागताना वाजवायचे तसा. तक्त्यात तिसऱ्या दिवसाच्या पानावर लिहिलं गेलं: ११.५० ते १२.१०, नाट्यगृह. ती वर, मी खाली. चिमटा, दोनदा.

निघायच्या आदल्या आठवड्यात आगाराने त्यांना रुंद काठाची उन्हाची टोपी भेट दिली. साहेबांनी भाषणात सांगितलं, की हा माणूस एकतीस वर्षांत पहिल्यांदाच सलग नऊ दिवस रजेवर जातो आहे, आता बघू तो देश वेळेवर चालतो की नाही. सगळे हसले. मिनिटरावही हसले, आणि सभा चार मिनिटं लांबल्याचं त्यांनी कंट्रोलरच्या कानात सांगितलं.

चौदा तारखेची सकाळ उजाडली. विमान चौदा तारखेला, बारा चाळीसला. ही वेळ पाहून मिनिटरावांना सुरुवातीलाच आपलेपणा वाटला होता. बॅगा दाराशी लावलेल्या, दूध बंद, पेपर बंद. रात्रीपर्यंत सगळा दिवस हातात. नऊ चौतीसला फोन वाजला.

पलीकडचा माणूस मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होता. मिनिटरावांचं इंग्रजीही त्याच गावचं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं छान समजलं. तो हॉटेलचा ड्रायव्हर होता. त्यांच्या नावाची पाटी घेऊन तिथल्या विमानतळावर उभा होता.

"आज कसे आलात तुम्ही?" मिनिटराव म्हणाले. "आम्ही उद्या सकाळी पोचणार. आज चौदा. आज रात्री बारा चाळीसला निघणार."

"विमान आलं. सगळे बाहेर आले. तुम्ही नाही आलात."

"ते कालचं असेल. तेरा तारखेचं." मिनिटरावांनी फोनवर हात ठेवला आणि बायकोला दयाळूपणे सांगितलं, "बिचारा नवीन असावा. एक दिवस आधीच येऊन उभा राहिलाय." मग त्यांनी त्या माणसाला शेवटच्या फेरीची तारीख कशी धरतात ते समजावून द्यायला सुरुवात केली. होतं असं सुरुवातीला, मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. चहा घ्या.

बायकोने तोवर पाकिटातून तिकीट काढलं होतं. चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"अहो," ती म्हणाली, "रात्री बारा वाजले की शाळेत तारीख बदलते."

"शाळा रात्री बंद असते."

"कॅलेंडरातही बदलते."

मिनिटरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. मग तिकिटाकडे. मग पुन्हा कॅलेंडराकडे, जणू दोघांपैकी एकजण तरी शब्द फिरवील. चौदा तारखेचे बारा चाळीस वाजून नऊ तास होत आले होते. ते खाली बसले. खुर्ची तिथे होती हे नशीब.

"हॅलो?" फोनमधला माणूस म्हणाला. "मी थांबू की जाऊ?"

हा प्रश्न मिनिटरावांना एकतीस वर्षं रोज कुणी ना कुणी ड्रायव्हर विचारत आला होता, आणि आज पहिल्यांदा त्यांनी तो दुसऱ्याकडे सोपवला. बायकोने फोन हातात घेतला, त्या माणसाला घरी जायला सांगितलं आणि वर आभारही मानले.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं तिकीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मिनिटरावांना तिची पाठ बघवेना. "चल," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता ट्रॅव्हलवाल्यांकडे चल."

ट्रॅव्हलच्या ऑफिसातली मुलगी शहाणी होती. ती हसली नाही. तिने बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं, "आज रात्रीच्या विमानात एकच सीट आहे. आत्ता कुणीतरी रद्द केली म्हणून. दोन हव्या असतील तर थेट बावीस दिवसांनी."

"एकच?"

"एकच काका."

मिनिटराव पुढे वाकले. "दुसरा माणूस उभ्याने आला तर?"

मुलीला आधी ती थट्टा वाटली. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली.

"बावीस दिवसांनी धडा होऊन गेलेला असेल. हिचं करा," मिनिटराव म्हणाले.

"मी एकटी?" बायको म्हणाली. "शेजारच्या गावी कधी एकटी गेले नाही मी. आणि तुम्ही? तक्ता तुमचा, चिमटा तुमचा. पुढच्या वर्षी जाऊ की दोघं."

"पुढच्या वर्षी धडा नाही तुझा." त्यांनी तिकिटाचं पाकीट मुलीपुढे सरकवलं. "आणि माझं राजाकडे काही काम नाही."

त्या रात्री तक्त्याबरहुकूम, एका मिनिटाचाही फरक न पडता, ते विमानतळाच्या दारात पोचले. तक्त्यात सगळं बरोबर होतं, फक्त दोघांच्या जागी एक. मिनिटरावांनी चिमटा तिच्या हातात दिला. "कुणालाही उभं कर खाली. दोनदा वाजवायचा. एकदा नाही, एकदा वाजवला तर माणूस लक्ष देत नाही." तिने मान डोलावली. आत गेल्यावर तपासणीला तिला थांबवलेलं त्यांना काचेतून दिसलं. पहारेकरी चिमटा उलटसुलट करून पाहत होता. तिने काय सांगितलं ते ऐकू येत नव्हतं, पण बोट काचेबाहेरच्या नवऱ्याकडे केलेलं होतं. पहारेकऱ्याने वळून पाहिलं, चिमटा परत दिला आणि बाईंना जाऊ दिलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर तक्ता होता, मिठाच्या बरणीखाली. विसरला असता तर दाराशी बॅगांजवळ राहिला असता. बरणीखाली होता म्हणजे ठेवला होता. मिनिटरावांना वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाईट वाटलं. मग त्यांनी बरणी उचलली आणि दोघांच्या जागी एकीचा हिशेब धरून सगळा तक्ता पुन्हा लिहून काढला.

दुसरा दिवस त्यांनी पडदे ओढून काढला. आगारात तोंड दाखवायची सोय नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर काढणाऱ्याचं स्वतःचं विमान सुटलं, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं? संध्याकाळी पाव आणायला जाणं भाग होतं, तेव्हा कुणी ओळखू नये म्हणून त्यांनी ती रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा घातला. गल्लीत शिरल्यापासून दुकानापर्यंत पाच जणांनी विचारलं, "काय मिनिटराव, गेला नाहीत?"

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आगारात गेले. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. शिवाय तिथले अकरा पन्नास म्हणजे इथले दोन वीस, आणि दोन वीसला घरी एकट्याने बसवणार नव्हतं.

कंट्रोल केबिनमध्ये कंट्रोलर, तीन ड्रायव्हर आणि वर्कशॉपमधला म्हातारा मेकॅनिक चहा पीत होते. मिनिटराव दारातच उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि सगळं सांगितलं. तारीख, वेळ, फोन, एक सीट. काही लपवलं नाही.

कंट्रोलरने कप खाली ठेवला.

"थांबा, थांबा," कंट्रोलर म्हणाला. "चौदा तारीख, बारा चाळीस?"

"हो."

"म्हणजे चौदाची रात्र की."

"चौदाचीच," पहिला ड्रायव्हर म्हणाला. "शेवटची फेरी."

"मग तुमचं चुकलं कुठं?" दुसऱ्याने विचारलं. "ते लोक तेराच्या रात्री उडाले आणि चौदा म्हणतात?"

"एवढी मोठी विमानं बाळगतात," मेकॅनिक कपात बघत म्हणाला, "आणि तारीख कधी बदलते ते माहीत नाही. लिहून कळवायला पाहिजे कुणीतरी."

सगळ्यांचं ठरलं की विमानवाल्यांना शिस्त नाही. मिनिटरावांना हे खरं नाही हे आता कळत होतं, तरी त्यांचे डोळे भरून आले. एकतीस वर्षं ते या माणसांच्या मागे मिनिटांसाठी हात धुवून लागले होते. त्यातल्या एकानेही सूड उगवला नव्हता. कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, कुणीतरी चहा ओतला.

दोन बावीसला फोन वाजला.

"पोचले हो," बायकोचा आवाज आला. दम लागलेला. "अगदी वरच्या ओळीत बसलेय. त्रेपन्न पायऱ्या. तुम्ही एकावन्न लिहिल्या होत्या."

"गुडघे?"

"आहेत जागेवर. ऐका ना, तो ड्रायव्हर आलाय माझ्याबरोबर. पाटीवाला. तुम्ही ज्याला शिकवलंत तो. चिमटा त्याच्याकडे दिलाय."

केबिनच्या खिडकीला लागून दोन वीसची गाडी उभी होती. शिट्टी झालेली नव्हती, कारण कंट्रोलर फोनवर वाकला होता. मिनिटरावांनी फोन मोठ्याने ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. गाडीच्या इंजिनाचा आवाज त्यावर मात करत होता. ड्रायव्हरने खिडकीतून आत पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि इंजिन बंद केलं.

"गाडी सुटणार आहे का नाही आज?" मागच्या सीटवरून गाठोडंवाली एक बाई ओरडली.

"बाईंना ऐकू यायचंय," ड्रायव्हर वळून म्हणाला.

"काय ऐकू यायचंय?"

"ते आल्यावर कळेल."

गाडीतली माणसं खिडक्यांतून बाहेर वाकली. फोनमध्ये वारा घोंघावत होता. कुठेतरी एक पोर हसलं. मग काहीतरी खुट्ट झालं.

"आलं!" पहिला ड्रायव्हर म्हणाला.

"आलं, आलं," मेकॅनिकने मान डोलावली. "स्पष्ट आलं."

"ऐकू आलं गं!" मिनिटराव फोनवर ओरडले. "दोनदा!"

"अहो," बायको म्हणाली, "तो अजून खाली उतरतोय."

गाडीत कुणीतरी फिसकन हसलं आणि गाठोडंवालीने त्याला गप्प केलं. सगळे पुन्हा वाट पाहू लागले. कंट्रोलरने शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली. फोनमध्ये आता नुसता वारा. वारा आणि बायकोचा श्वास. बराच वेळ काहीच नाही. मिनिटरावांनी कान फोनला लावला तरी काही नाही.

मग श्वास थांबला.

"आलं," ती म्हणाली. इतक्या हळू, की ते फक्त मिनिटरावांना कळलं. "टक्-टक्. जवळ बसून कुणी वाजवावं तसं. आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखं." ती रडत होती आणि हसतही होती. "मांजर आहे हो इथे. खरंच आहे. दगडावर झोपलीय."

मिनिटरावांनी बाकीच्यांकडे बघून मान डोलावली. तेवढ्यावर केबिन आणि गाडी दोन्ही मोकळी झाली. गाठोडंवालीने डोळे पुसले आणि शेजारणीला विचारलं, "पण झालं काय?"

शिट्टी झाली. दोन वीसची गाडी दोन एकतीसला सुटली. कंट्रोलरने वही उघडली, 'उशिराचं कारण' या रकान्यापाशी थांबला आणि मिनिटरावांकडे पाहिलं. टायर, इंजिन, गर्दी, रस्ता, यांतलं काही लिहा, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मिनिटरावांनी पेन मागून घेतलं आणि आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: वेळापत्रकवाला.

माणसं आपापल्या कामाला पांगली. फोन चालूच होता. "तुम्ही खाली हवे होतात," ती एकदा म्हणाली. "हं," ते म्हणाले. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती आणि तिचा काठ बोटांनी फिरवत होते. तिकडचा वारा इकडे ऐकू येत होता.

समोरच्या मोठ्या घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती.

"अहो," ती म्हणाली, "माझी वीस मिनिटं झाली का हो?"

मिनिटरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."